स्क्रिप्टमधून रूटची कमांड चालवण्याआधी ती थांबवायची कशी ते ठरवा

पावसाळा लागला की आमच्या डिचोलीतल्या शाळेच्या संगणक कक्षातले इंटरनेट दिवसातून कितीतरी वेळा तुटते आणि आपोआप परत येते. तक्रार केली की ‘आमच्या बाजूने सगळे ठीक आहे’ हे ठरलेले उत्तर. मग पुरावा गोळा करणे आले. लाइन तुटली की लगेच पाच मिनिटे नेटवर्कवरची ये-जा नोंदवून ठेवणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहायची. लाइन चालू आहे की नाही हे पिंगने पाहता येते, त्याला खास परवानगी लागत नाही. पण ये-जा नोंदवणारा टीसीपीडम्प हा प्रोग्राम रूटचा, म्हणजे लिनक्समधल्या सर्वाधिकारी खात्याचा, अधिकार मागतो, आणि नवख्या माणसाची गाडी तिथेच अडते. सुडो (रूटच्या अधिकाराने दुसरी कमांड चालवणारी कमांड) लावून तो सुरू होतो, पण पाच मिनिटांनी स्क्रिप्ट त्याला थांबवायला जाते तेव्हा ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असा निरोप येतो. टीसीपीडम्प चालतच राहतो आणि सकाळपर्यंत डिस्क भरते.

गोव्यात अनेक शाळांत, वाचनालयांत आणि पंचायतींत संगणकांची देखभाल कुणीतरी हौसेने शिकलेला शिक्षक किंवा कारकून करतो. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलेही पहिल्या प्रकल्पात इथेच अडखळतात. त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. उदाहरण टीसीपीडम्पचे घेतले असले तरी फायरवॉल, बॅकअप, डिस्क माउंट करणे अशा कुठल्याही रूटच्या कामाला हीच पद्धत चालते.

कमांड आणि सेटिंग मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजीत टाइप करायच्या. जिथे मोठे अक्षर हवे तिथे तसे सांगितले आहे.

आधी हाताशी काय हवे

- उबुंटू किंवा डेबियन असलेला संगणक, ज्यावर सिस्टिमडी (सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) चालते. आजच्या बहुतेक लिनक्सवर ते असतेच.
- त्या संगणकाचा सुडो अधिकार असलेले एक खाते, आणि स्क्रिप्ट चालवण्यासाठी एक वेगळे साधे खाते. मी त्याला ‘कक्ष’ म्हणतो.
- अद्ययावत सुडो. जानेवारी २०२१ मध्ये सुडोतली एक गंभीर त्रुटी उघड झाली. २०११ पासून ती कोडमध्ये होती, आणि तिच्यामुळे साधा वापरकर्ता थेट रूट होऊ शकत होता. शाळांतले संगणक वर्षानुवर्षे अपडेट न होता पडून असतात, म्हणून आधी अपडेट करा आणि मगच पुढे जा.
- जिथे काम करायचे त्या मशीनसमोर बसायची सोय. सुडोची फाइल बिघडली तर दुरून दुरुस्त करणे कठीण जाते.

१. कामाला रूट खरोखर लागते का, ते पाहा

ही पायरी सगळे गाळतात, आणि निम्म्या वेळा खरे उत्तर इथेच असते. सिरियल पोर्टला जोडलेले यंत्र वाचायचे असेल तर त्या खात्याला ‘डायलआउट’ गटात घातले की झाले. नेटवर्कची नोंद करायची असेल तर वायरशार्कसोबत येणारा डम्पकॅप वापरता येतो. वायरशार्क-कॉमन हे पॅकेज डीपीकेजी-रिकॉन्फिगर या कमांडने पुन्हा सेट करताना ‘साध्या वापरकर्त्यांना नोंद करू द्यायची का’ असे विचारले जाते. हो म्हणायचे आणि ‘कक्ष’ला वायरशार्क गटात घालायचे. गट बदलल्यावर एकदा लॉगआउट करून पुन्हा आत या, नाहीतर बदल लागू होत नाही.

या वाटेचा मोठा फायदा असा, की डम्पकॅप ‘कक्ष’च्याच नावाने चालतो. त्यामुळे ‘कक्ष’ची स्क्रिप्ट त्याला साध्या किल या थांबवायच्या कमांडने थांबवू शकते. शिवाय त्याला ‘-ए ड्युरेशन:३००’ असे सांगितले की पाच मिनिटांनी तो स्वतःच थांबतो. तुमचे काम एवढ्यावर भागत असेल तर हा लेख इथेच सोडा आणि कामाला लागा.

सेटकॅप वापरून टीसीपीडम्पलाच तेवढा अधिकार देण्याचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. तो चालतो, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पॅकेज अपडेट झाले की फाइल बदलते आणि तो अधिकार पुसला जातो. आणि फाइलच्या परवानग्या आवळल्या नाहीत तर त्या संगणकावरचा प्रत्येक विद्यार्थी नोंद करू शकतो.

एक गट मात्र टाळाच. ‘डॉकर’ गटात घातलेला वापरकर्ता व्यवहारात रूटच असतो.

२. थांबत का नाही, हे नीट समजून घ्या

लिनक्समध्ये एखाद्या प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, थांबण्यासारखा सिग्नल पाठवायचा असेल तर पाठवणारा आणि घेणारा एकाच वापरकर्त्याचे असावे लागतात, किंवा पाठवणारा रूट असावा लागतो. सुडो सुरू झाला की तो स्वतः रूट होतो आणि त्याच्या पोटातली कमांडही रूट होते. तुमची स्क्रिप्ट मात्र ‘कक्ष’च राहते. प्रोसेस स्क्रिप्टनेच जन्माला घातली असली तरी ती थांबवण्याचा हक्क स्क्रिप्टला आपोआप मिळत नाही. पायथनमध्ये ‘टर्मिनेट’ किंवा ‘किल’ बोलावल्यावर परमिशन एरर येते ती यामुळेच.

मग टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबल्यावर सुडोची कमांड कशी थांबते? कारण तो सिग्नल तुमचे खाते पाठवत नाही, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पाठवतो. कर्नलला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून हाताने करून पाहिले तेव्हा सगळे सुरळीत वाटते आणि स्क्रिप्टमध्ये तेच अडते.

दुसरी गुंतागुंत प्रोसेस क्रमांकाची. बॅश या शेलमध्ये (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) कमांड बॅकग्राउंडला ढकलल्यावर ‘डॉलर-उद्गारचिन्ह’ जो क्रमांक देते तो सुडोचा असतो, टीसीपीडम्पचा नसतो. सुडो १.९.१४ पासून कमांड स्वतंत्र आभासी टर्मिनलमध्ये चालवणे हीच डीफॉल्ट पद्धत झाली आहे. त्यामुळे टर्मिनलवर पीएसने (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) पाहिले तर एका कमांडसाठी दोन सुडो आणि खाली खरी कमांड, अशी उतरंड दिसते. रूटच्या अधिकाराने सुडोला टर्म सिग्नल, म्हणजे थांबण्याची विनंती, दिला तर तो पुढे खऱ्या कमांडला पोचवतो. पण किल सिग्नल, म्हणजे ९ क्रमांकाचा, कुठलाही प्रोग्राम पकडू शकत नाही, त्यामुळे सुडो तो पुढे देऊही शकत नाही. घाईत ‘किल -९’ सुडोवर मारले की सुडो मरतो आणि टीसीपीडम्प मागे चालत राहू शकतो.

३. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका

सुडोला ‘-एस’ (मोठे अक्षर) दिले की तो पासवर्ड कीबोर्डऐवजी पाइपमधून घेतो. म्हणून इकोने पासवर्ड छापून सुडोकडे ढकलण्याची युक्ती सगळीकडे पसरली आहे. कृपा करून ती वापरू नका. ती फाइल पेनड्राइव्हवर जाते, बॅकअपमध्ये जाते, एखाद्या मुलाच्या प्रकल्पात चिकटवली जाते, आणि पासवर्ड गावभर होतो.

योग्य वाट म्हणजे सुडोअर्समध्ये (कुणाला सुडोने काय चालवता येईल त्याचे नियम) ‘कक्ष’ला नेमक्या दोन कमांडची विनापासवर्ड परवानगी देणे. त्या दोन ओळी पाचव्या पायरीत येतात. इथे फक्त नियम सांगतो.

मुख्य सुडोअर्स फाइलला हात लावू नका. ईटीसी फोल्डरातल्या ‘सुडोअर्स.डी’ या उपफोल्डरात वेगळी फाइल करा, आणि तीही नेहमीच्या एडिटरमध्ये नाही, ‘व्हिसुडो -एफ’ने उघडा. व्हिसुडो जतन करण्यापूर्वी व्याकरण तपासतो. फाइलच्या नावात टिंब ठेवू नका. टिंब असलेली किंवा शेवटी ‘~’ असलेली फाइल सुडो न सांगता सोडून देतो, आणि तुम्ही नियम का लागू होत नाही म्हणून डोके धरून बसता.

कमांडचा पूर्ण पत्ता लिहा आणि तिच्या पुढचे शब्दही पूर्ण लिहा. तारांकन वापरण्याचा मोह टाळा, कारण सुडोअर्समधले तारांकन मधली रिकामी जागा ओलांडून पुढच्या शब्दांनाही सामावून घेते आणि तुम्हाला नको असलेले पर्यायही आत येतात. लेस, व्हीआय यांसारखे मजकूर दाखवणारे-बदलणारे प्रोग्राम सुडोअर्समध्ये कधीच देऊ नका, त्यांच्या आतून थेट शेल उघडता येते. आणि एखादी स्क्रिप्ट सुडोने चालवायला देत असाल तर ती फाइल, आणि ती ज्या फोल्डरात आहे तो फोल्डर, दोन्ही रूटच्या मालकीचे हवेत. ‘कक्ष’ला ती फाइल बदलता आली तर तुम्ही त्याला पूर्ण रूट दिल्यासारखेच आहे.

स्क्रिप्टमध्ये नेहमी ‘सुडो -एन’ लिहा. परवानगी नसेल तर तो पासवर्डसाठी ताटकळत न राहता लगेच चूक दाखवून बाहेर पडतो.

४. वेळ ठाऊक असेल तर ती सुरुवातीलाच बांधा

किती वेळ चालवायचे हे आधीच ठरलेले असेल तर थांबवण्याचे काम स्क्रिप्टवर ठेवूच नका. टाइमआउट ही कमांड त्यासाठीच आहे. पण क्रम बरोबर हवा:

सुडो टाइमआउट ३०० टीसीपीडम्प …

याच्या उलट, ‘टाइमआउट ३०० सुडो टीसीपीडम्प’ असे लिहिले तर टाइमआउट ‘कक्ष’च्या नावाने चालतो आणि पाच मिनिटांनी रूटच्या सुडोला सिग्नल देऊ शकत नाही. दुसऱ्या पायरीतलीच अडचण पुन्हा समोर येते. टाइमआउट सुडोच्या आत असला की तो स्वतः रूट असतो, आणि आपल्या पोटच्या प्रोसेसला सहज थांबवतो.

वेळ संपल्यामुळे थांबला तर टाइमआउट १२४ हा निकाल देतो. स्क्रिप्टमध्ये तो चूक म्हणून धरू नका. ‘-के १०’ जोडले तर टर्म सिग्नलनंतर दहा सेकंद वाट पाहून न ऐकणाऱ्या कमांडवर किल सिग्नल टाकला जातो.

५. मधेच थांबवायचे असेल तर सिस्टिमडीकडे द्या

लाइन दोन मिनिटांत परत आली तर नोंद तिथेच थांबावी, असे आम्हाला हवे होते. अशा कामाला माझ्या मते सिस्टिमडीसारखी दुसरी सोय नाही. प्रोसेस क्रमांक फाइलमध्ये लिहून ठेवायचा आणि नंतर वाचून मारायचा, ही जुनी पद्धत मला धोक्याची वाटते. मूळ प्रोसेस आधीच मेली असेल आणि तोच क्रमांक दुसऱ्या कुणाला मिळाला असेल, तर रूटच्या अधिकाराने तुम्ही भलत्याच प्रोग्रामवर घाव घालता.

पहिल्यांदा ‘यूएसआर/लोकल/एसबिन’मध्ये रूटच्या मालकीची एक छोटी स्क्रिप्ट ठेवा. तिने दोनच गोष्टी करायच्या: तारीख-वेळ घालून फाइलचे नाव बनवायचे, आणि शेवटच्या ओळीत ‘एक्झेक टीसीपीडम्प’ असे लिहून त्याला जागा द्यायची. एक्झेकमुळे मधले शेल उरत नाही, सिग्नल थेट टीसीपीडम्पला पोचतो. टीसीपीडम्पला ‘-आय’ने नेटवर्क कार्डाचे नाव द्या (ते ‘आयपी लिंक’ने कळते), ‘-एस ९६’ने प्रत्येक पॅकेटचा फक्त सुरुवातीचा भाग घ्या, ‘-डब्ल्यू’ने बनवलेले फाइलचे नाव द्या, आणि ‘-यू’ (मोठे अक्षर) द्या. या ‘-यू’ने प्रत्येक पॅकेट आल्याबरोबर फाइलमध्ये लिहिले जाते, बफर भरायची वाट पाहिली जात नाही. मध्येच प्रोग्राम मेला तर हाती काहीतरी उरते.

अलीकडच्या उबुंटू-डेबियनवर टीसीपीडम्प रूटने सुरू केला तरी फाइल उघडण्यापूर्वी तो स्वतःला ‘टीसीपीडम्प’ नावाच्या साध्या वापरकर्त्यात बदलतो. म्हणून नोंदी ठेवायचा फोल्डर त्या वापरकर्त्याच्या मालकीचा करा. नाहीतर रूट असूनही ‘परमिशन डिनाइड’ दिसते आणि माणूस चक्रावतो.

मग ‘ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम’मध्ये ‘नेटनोंद.सर्व्हिस’ ही फाइल करा. तिच्या सर्व्हिस विभागात तीन ओळी पुरतात:

- एक्झेकस्टार्ट, पुढे आपल्या छोट्या स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता
- रनटाइममॅक्ससेक = ३००
- टाइमआउटस्टॉपसेक = १५

फाइल लिहिल्यावर किंवा बदलल्यावर ‘सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड’ करायला विसरू नका.

पाच मिनिटांची मर्यादा ओलांडली की सिस्टिमडी सेवा बंद करते आणि तिची स्थिती ‘फेल्ड’ दाखवते. घाबरायचे कारण नाही, पुढच्या वेळी ती नेहमीसारखी सुरू होते. आधी टर्म सिग्नल जातो, पंधरा सेकंदांत थांबली नाही तर किल. टाइमआउटस्टॉपसेकची ओळ लिहिली नाही तर साधारणपणे ९० सेकंद वाट पाहिली जाते. सेवेने जन्माला घातलेल्या सगळ्या प्रोसेस एका गटात असतात, त्यामुळे कुणी मागे राहत नाही. आणि सेवा चालू असताना पुन्हा स्टार्ट दिले तर दुसरा टीसीपीडम्प उभा राहत नाही. लाइन पाच-पाच सेकंदांनी तुटते-जुळते तेव्हा याची किंमत कळते.

आता सुडोअर्सच्या त्या दोन ओळी. ‘ऑल’ आणि ‘नोपासडब्ल्यूडी’ मोठ्या अक्षरांत:

कक्ष ऑल=(रूट) नोपासडब्ल्यूडी: /यूएसआर/बिन/सिस्टिमसीटीएल स्टार्ट नेटनोंद.सर्व्हिस

कक्ष ऑल=(रूट) नोपासडब्ल्यूडी: /यूएसआर/बिन/सिस्टिमसीटीएल स्टॉप नेटनोंद.सर्व्हिस

सुरू करण्याची ओळ लिहिताना त्याच बैठकीत थांबवण्याची ओळही लिहा. स्क्रिप्टमध्येही शब्द हुबेहूब हेच हवेत. सिस्टिमसीटीएलला ‘.सर्व्हिस’ गाळले तरी चालते, पण सुडो अक्षर न अक्षर जुळवतो आणि तेवढ्यावरून नकार देतो.

‘स्टेटस’ची तिसरी ओळ देऊ नका. स्थिती पाहायला रूट लागत नाही, आणि जुन्या आवृत्त्यांत सुडोने स्टेटस पाहताना उघडणाऱ्या लेसमधून रूटचे शेल मिळवता येत होते.

६. किल -९ शेवटी, आणि पीकिल जपून

टर्म (१५) किंवा इंट (२) मिळाला की टीसीपीडम्प फाइल नीट बंद करतो आणि किती पॅकेट पकडली ते सांगतो. किल (९) मिळाला की त्याला काहीच आवरता येत नाही. डेटाबेस, बॅकअप, डिस्कवर लिहिणारे कुठलेही काम यांच्या बाबतीत तर हे अधिकच गंभीर. आधी टर्म, मग थोडी वाट, आणि अगदी नाइलाज झाला तरच किल.

‘सुडो पीकिल -एफ’ (नावावरून प्रोसेस शोधून थांबवणारी कमांड) वापरताना लक्षात घ्या की ‘-एफ’ संपूर्ण कमांडची ओळ तपासतो. तुम्ही शोधत असलेला शब्द त्या सुडोच्याच ओळीतही असतो, त्यामुळे घाव त्याच्यावरही पडतो. प्रयोगशाळेत दुसऱ्या कुणाचा टीसीपीडम्प चालू असेल तर तोही जातो. सिस्टिमडीने सेवा बांधली असेल तर पीकिलची गरजच उरत नाही.

७. स्क्रिप्टच मेली तर?

बॅशमध्ये ‘ट्रॅप’ वापरून बाहेर पडताना थांबवण्याची कमांड चालेल अशी सोय करा: एक्झिट, इंट आणि टर्म या तिन्हींवर ‘सुडो -एन’ने स्टॉप. पायथनमध्ये एक्झिट आणि इंटसाठी तेच काम ‘फायनली’ करते, टर्म मात्र वेगळा पकडावा लागतो. पण स्क्रिप्टवरच कुणी किल -९ टाकले तर ट्रॅप चालत नाही. त्या वेळी तुमची राखण रनटाइममॅक्ससेक करते, म्हणून ती ओळ ट्रॅप असला तरी ठेवायचीच.

लाईट गेली तर प्रश्नच मिटतो, सगळेच बंद. ही सेवा आम्ही ‘एनेबल’ केलेली नाही, म्हणून लाईट आल्यावर ती आपोआप सुरू होत नाही. तुम्हीही करू नका.

८. तपासणी: आठवलेला पासवर्ड फसवतो

एकदा पासवर्ड दिला की सुडो काही वेळ तो पुन्हा विचारत नाही. उबुंटूवर ही मुदत १५ मिनिटे असते. त्या काळात स्क्रिप्ट चालवून पाहिली तर नियम चुकीचा असूनही सगळे बरोबर दिसते. रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामे चालवणारी सोय) चालताना मात्र ती कोसळते. म्हणून ‘कक्ष’ खात्यात शिरून आधी ‘सुडो -के’ करा, म्हणजे आठवण पुसली जाईल. मग ‘सुडो -एल’ करून त्या खात्याला नेमके काय मिळाले आहे ते वाचा. दोन ओळींपेक्षा जास्त काही दिसले तर थांबून शोध घ्या. त्यानंतरच स्टार्ट, स्टॉप, आणि मुद्दाम मधेच मारलेली स्क्रिप्ट, अशा तिन्ही गोष्टी करून पाहा. काय घडले ते ‘जर्नलसीटीएल -यू नेटनोंद’मध्ये मिळते, इथे यू लहान.

क्रॉनचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, फार तोकडा असतो. तिथे प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता लिहिणे सोयीचे.

९. नोंदी कुणाच्या आहेत ते विसरू नका

या फाइलींत मुलांनी आणि शिक्षकांनी कुठे कुठे संपर्क केला त्याच्या खुणा असतात, ‘-एस ९६’ वापरले तरी असतात. कक्षात नोंद चालू आहे हे मुख्याध्यापकांना आणि कक्ष वापरणाऱ्यांना आधी सांगा. फोल्डर फक्त संबंधित माणसालाच उघडेल असा ठेवा. तक्रारीला जोडायला सहसा तारीख, वेळ आणि किती वेळ लाइन बंद होती एवढेच पुरते, मूळ फाइल बाहेर देऊ नका.

चवथीच्या सुट्टीत कक्ष बंद असतो, तेव्हा आम्ही जुन्या नोंदी पुसतो. लाइन सुधारली आणि काम संपले की सुडोअर्स.डीतली ती फाइल काढा, सेवेची फाइल काढा, डेमन-रीलोड करा, आणि ‘कक्ष’ खात्यातून पुन्हा एकदा ‘सुडो -एल’ करून त्या दोन्ही ओळी गेल्याची खात्री करा.